वेगळा पॉवर अ‍ॅम्प घेण्याआधी प्री-आउटचे व्होल्ट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका वाचकांच्या १८ बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये डेनॉनचा एव्हीआर-एक्स३८००एच रिसीव्हर (सिनेमाचा आवाज प्रत्येक स्पीकरला वाटून मोठा करणारा डबा) आहे. पुढचे दोन उभे स्पीकर ४ ओहमचे आणि ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे. बसायची जागा त्यांच्यापासून तीन मीटरवर. सध्या मांडणी ५.१.४ ची (पाच मुख्य स्पीकर, एक सबवूफर, छतात चार) आहे, मागे आणखी दोन सराउंड लावून ती ७.१.४ करायची आहे. सिनेमातले दणदणीत प्रसंग आले की आवाज कडक होतो, कानाला टोचतो, अशी तक्रार आहे. म्हणून पुढच्या जोडीसाठी दोन चॅनलचा वेगळा, फक्त स्पीकरला ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प घ्यायचा विचार चालू आहे. दुकानदार म्हणतो, रिसीव्हरचा प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी जागा) कमजोर असतो, घ्यायचाच तर प्रोसेसर (आत अ‍ॅम्प नसलेला रिसीव्हर) घ्या. मित्र म्हणतो, स्टेजवाले वापरतात तो अ‍ॅम्प घे, कमी पैशांत दुप्पट वॉट मिळतील. शिवाय घरात एक जुना, व्हॉल्यूमसकट सगळं एकाच डब्यात असलेला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प पडून आहे. यातलं काय करावं?

निर्णय आधी सांगतो. अ‍ॅम्प घ्या, प्रोसेसर नको. तुमच्या रिसीव्हरमध्ये ११ चॅनलचं प्रोसेसिंग आहे, पण अ‍ॅम्प नऊच आहेत. म्हणजे ७.१.४ करायचं म्हटलं की दोन चॅनल बाहेरून द्यावेच लागणार. हे टळत नाही. प्रश्न एवढाच उरतो की बाहेरचा अ‍ॅम्प कुठल्या दोन स्पीकरना द्यायचा, आणि त्याचं उत्तर सरळ आहे: ज्यांना सगळ्यात जास्त ताकद लागते त्यांना, म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्याला. मग आतले नऊ अ‍ॅम्प सेंटर, चार सराउंड आणि छतातल्या चार स्पीकरना बरोब्बर पुरतात.

पण कुठला अ‍ॅम्प, हे ठरवताना बहुतेक जण वॉटचा आकडा बघतात आणि इथेच घोडं पेंड खातं. बघायच्या गोष्टी दोन: रिसीव्हरच्या प्री-आउटमधून स्वच्छ व्होल्ट किती मिळतात, आणि अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी किती व्होल्ट लागतात. हे दोन आकडे जुळले की निम्म्याहून जास्त काम झालं.

तुमच्याच खोलीचा हिशेब करू. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. मोकळ्या मैदानात तीन मीटरवर त्यातले साडेनऊ डेसिबल गळाले असते. बंद खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात, म्हणून सातच गळाले असं धरू. म्हणजे तुमच्या सोफ्यावर ७९. आता सिनेमाचं मानक असं की रिसीव्हर नीट कॅलिब्रेट केलेला (माइकने मोजून प्रत्येक स्पीकरची पातळी जुळवलेला) असेल आणि व्हॉल्यूम ० वर असेल, तर प्रत्येक मुख्य स्पीकरकडून सर्वोच्च क्षणी १०५ डेसिबलची अपेक्षा असते. डेनॉनवर हे ० दुसऱ्या मोजपट्टीत ८० असं दिसतं. घरात त्या पातळीवर सहसा कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

तुम्ही उणे १२ वर, म्हणजे ६८ वर ऐकत असाल, तर सर्वोच्च क्षण ९३ डेसिबलचा. ७९ पासून १४ डेसिबल वर जायचं तर व्होल्ट पाचपट हवेत, म्हणजे १४ व्होल्ट. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये ते होतात ५० वॉट. उणे ६ वर ऐकायचं तर व्होल्ट दहापट, २८ व्होल्ट, आणि वॉट २००. पूर्ण ० वर गेलात तर ५६ व्होल्ट आणि ८०० वॉट. दर सहा डेसिबलला व्होल्ट दुप्पट आणि वॉट चौपट होतात, हे एकदा लक्षात आलं की जाहिरातीतले आकडे वाचायची नजरच बदलते. १०० वॉटच्या जागी १५० वॉट घेतले की पावणेदोन डेसिबल मिळतात. दुप्पट वॉट घेतले तर तीन. व्हॉल्यूमचं बटण चार-सहा टिचक्या फिरवल्याइतका फरक, त्यापलीकडे काही नाही.

आता हाच हिशेब प्री-आउटच्या बाजूने. घरगुती पॉवर अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती मोठा होतो ते प्रमाण) साधारण २६ ते २९ डेसिबल असतो. सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने २९ ही पातळी मानक म्हणून धरली, कारण त्यात हिशेब सोपा बसतो: १ व्होल्ट आत, २८ व्होल्ट बाहेर, म्हणजे ८ ओहममध्ये १०० वॉट. तुम्हाला उणे ६ वर २८ व्होल्टच हवे आहेत. तेव्हा २९ डेसिबल गेनच्या अ‍ॅम्पला तुमच्या रिसीव्हरकडून फक्त १ व्होल्ट पुरतो. गेन २६ असेल, म्हणजे वीसपट, तर १.४ व्होल्ट लागतील. हे दोन्ही आकडे चांगल्या रिसीव्हरच्या आवाक्यातले आहेत. "प्री-आउट कमजोर" हे दुकानदाराचं म्हणणं तुमच्या बाबतीत लागू पडत नाही.

मात्र त्या म्हणण्यामागे एक खरी गोष्ट आहे, तीही सांगतो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये प्री-आउटला जाणारा सिग्नल आणि आतल्या अ‍ॅम्पला जाणारा सिग्नल एकाच ठिकाणाहून निघतो. तुम्ही आतल्या अ‍ॅम्पला स्पीकर जोडलेला नसला तरी तो अ‍ॅम्प बंद होत नाही, येणारा सिग्नल मोठा करतच राहतो. १०५ वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमवर सुमारे २९ व्होल्ट देऊ शकतो. त्याचाही गेन २८-२९ डेसिबलच्या आसपास असल्यामुळे आत साधारण १ व्होल्टच्या थोडं पुढे गेलं की तो क्लिप व्हायला लागतो, म्हणजे लहरीचे शेंडे कापले जाऊन आवाज फाटतो. त्या क्लिपिंगचा त्रास मागे उलटून प्री-आउटवरही दिसतो. म्हणजे बाहेरच्या अ‍ॅम्पमध्ये दम शिल्लक असताना, कोणी वापरतही नसलेला आतला अ‍ॅम्प आवाज खराब करतो. डेनॉनने २०२० च्या एक्स३७००एचपासून यावर उपाय दिला: मेनूतून आतले अ‍ॅम्प सिग्नलपासून तोडता येतात. तुमच्या मॉडेलमध्ये अ‍ॅम्प असाइनच्या मेनूत जाऊन फक्त पुढच्या जोडीसाठी ते करा. त्यानंतर तीच जोडी जास्त व्होल्टपर्यंत स्वच्छ राहते आणि डबाही थोडा कमी तापतो. बाहेरचा अ‍ॅम्प जोडलेल्या अनेक घरांत मला ही सेटिंग तशीच राहून गेलेली दिसते, म्हणून मुद्दाम लांबण लावली.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचा किंवा जुना रिसीव्हर आहे त्यांनी स्वतः मोजून बघावं. साधा मल्टीमीटर पुरतो. अ‍ॅम्पकडे जाणारी आरसीए वायर अ‍ॅम्पच्या टोकाला काढून ठेवा. रिसीव्हरवर २०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टेस्ट टोन फक्त पुढच्या डाव्या चॅनलमधून लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक काडी आरसीएच्या मधल्या पिनेला आणि दुसरी बाहेरच्या कड्याला लावा. आता व्हॉल्यूम हळूहळू चढवा आणि तुम्ही रोज ज्या आकड्यावर सिनेमा बघता तिथे थांबा. मीटरवर दिसेल ते तुमच्या वापरातलं कमाल व्होल्टेज. बहुतेक घरांत हा आकडा अर्ध्या व्होल्टच्याही खाली निघतो आणि माणूस चकित होतो. २०० हर्ट्झ यासाठी की स्वस्त मीटर फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर चुकीचं दाखवतात आणि फार खालच्या फ्रिक्वेन्सी रिसीव्हर सबवूफरकडे वळवतो.

मग आवाज टोचतो तो का? इथे मला दोन शक्यता दिसतात, आणि अ‍ॅम्पवर पैसे घालण्याआधी पहिली तपासून घ्या, तिला एक रुपयाही लागत नाही. सेटअप मेनूत पुढचे स्पीकर 'लार्ज' किंवा 'फुल बँड' वर आहेत का बघा. ऑडिसीचं (रिसीव्हरमधल्या आपोआप मोजून जुळवणाऱ्या सोयीचं) कॅलिब्रेशन चालवलं की उभ्या स्पीकरना रिसीव्हर बऱ्याचदा स्वतःहून लार्ज ठरवतो. त्याचा अर्थ विमान कोसळतं, स्फोट होतो तेव्हाचा सगळा खोल बास त्या दोन स्पीकरवर आणि पर्यायाने त्या दोन चॅनलवर येतो. बास हा वॉट खाणारा राक्षस आहे. स्पीकर कितीही मोठे असोत, त्यांना 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा बास सबवूफरकडे वळतो ती) ८० हर्ट्झवर ठेवा आणि खालचं सगळं सबवूफरला द्या, त्याचा अ‍ॅम्प त्यासाठीच आहे. मोठ्या स्पीकरना 'स्मॉल' म्हणायचं अनेकांच्या जिवावर येतं. पण तो शब्द स्पीकरच्या आकाराबद्दल नाहीच, बास कुठे पाठवायचा एवढंच तो सांगतो. एक काळजी मात्र घ्या: ऑडिसीने सुचवलेला क्रॉसओव्हर वर न्यायला हरकत नाही, खाली आणू नका. खालच्या भागात त्याने ती चॅनल दुरुस्त केलेली नसते.

एवढं करून तक्रार निम्मी झाली तर दुसरी शक्यता पक्की: ४ ओहमचा भार. १०५ वॉट हा कंपनीचा आकडा ८ ओहमवर आणि दोनच चॅनल चालू असतानाचा आहे. ४ ओहमवर तेवढ्याच व्होल्टला दुप्पट करंट लागतो. २८ व्होल्टला ७ अँपिअर, तेही दोन्ही बाजूंना, आणि त्याच वेळी सेंटर-सराउंडही त्याच ट्रान्सफॉर्मरवर जगतात. रिसीव्हरच्या मागच्या पट्टीवर वीजवापराचा आकडा असतो, तो बघा. भिंतीतून सहा-सातशे वॉट घेणाऱ्या डब्यातून नऊ चॅनलना प्रत्येकी शंभर वॉट एकदम निघणार नाहीत, हे साधं गणित आहे. आणि ४ ओहम ही नाममात्र किंमत. पुष्कळ उभे स्पीकर मधल्या बासमध्ये त्याच्याही खाली घसरतात. अशा भारावर वेगळा अ‍ॅम्प खरोखर उपयोगी पडतो. तुम्हाला फरक ऐकू येईल तो जोरदार प्रसंगांत. हळू आवाजात गाणी ऐकताना फरक जाणवला असं कोणी सांगितलं तर आधी विचारा की दोन्ही वेळा आवाजाची पातळी मोजून सारखी केली होती का. गेनमध्ये दोन-तीन डेसिबलचा फरक असला की मोठा वाजणारा अ‍ॅम्प हमखास "जास्त मोकळा" वाटतो.

आता मित्राचा सल्ला. स्टेजसाठीचे अ‍ॅम्प मी स्वतः घरांत बसवलेले आहेत आणि मला ते आवडतात. पण ते निवडून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ, क्राऊनच्या एक्सएलएस मालिकेतला १५०२: ८ ओहमला ३०० वॉट, ४ ओहमला ५२५. त्यात आरसीए इनपुट आहे आणि सेन्सिटिव्हिटी १.४ व्होल्ट किंवा ०.७७५ व्होल्ट अशी निवडता येते. १.४ व्होल्ट निवडलं तर नॉब पूर्ण उघडे असताना गेन ३१ डेसिबलच्या जवळ येतो, ०.७७५ निवडलं तर ३६ च्या. घरासाठी १.४ च ठेवा. ३६ डेसिबल गेनमध्ये रिसीव्हरचा स्वतःचा बारीक 'हिस्स' आवाजसुद्धा मोठा होऊन ट्विटरमधून ऐकू येईल, रात्री सगळं शांत असताना तर नक्कीच. दुसरी अडचण कॅलिब्रेशनची. ऑडिसी प्रत्येक चॅनलची पातळी उणे १२ ते अधिक १२ डेसिबल या मर्यादेतच हलवू शकते. गेन फार असेल तर पुढच्या दोन चॅनलचा आकडा उणे १२ वर जाऊन टेकतो. तिथे टेकलेला आकडा खरा नसतो, त्याला अजून खाली जायचं होतं पण जागा संपली. मग पुढचे स्पीकर बाकीच्यांपेक्षा मोठे वाजतात आणि सेंटरमधले संवाद दबतात. लोक सेंटर स्पीकरला दोष देतात आणि तो बदलायला निघतात!

उपाय सोपा आहे. अ‍ॅम्पचे नॉब थोडे मागे घ्या, कॅलिब्रेशन पुन्हा चालवा, आणि पुढच्या चॅनलचे आकडे उणे ५ ते शून्याच्या दरम्यान येईपर्यंत हे करा. दोन्ही नॉब सारख्याच खुणेवर हवेत. जमलं की नॉबवर चिकटपट्टी लावून टाका. झाडझूड करताना एक नॉब दोन खुणा फिरला तर स्टेरिओ चित्र एका बाजूला सरकतं आणि कारण सापडायला महिने जातात. अ‍ॅम्पच्या आतला क्रॉसओव्हर बंद ठेवा, ते काम रिसीव्हर करतोच आहे. पंख्याचा आवाज दुकानात कळत नाही, रात्री घरात कळतो. शक्य असेल तर अ‍ॅम्प टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, पण हवा खेळती राहील असा ठेवा.

मंडळांचे, डीजेवाल्यांचे जुने अ‍ॅम्प स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. त्यांचे पंखे सतत पूर्ण वेगाने फिरतात, आत वर्षानुवर्षांची धूळ आणि गुलाल असतो, आणि कितीदा जळून दुरुस्त झालेत ते कोणी सांगत नाही. तसंच सभा-समारंभाच्या भोंग्यांसाठीचे १०० व्होल्ट लाइनचे अ‍ॅम्प. त्यांच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असतो, ते भाषणासाठी उत्तम पण सिनेमासाठी नाहीत.

अ‍ॅम्पला फक्त एक्सएलआर (तीन पिनांचा, स्टेजच्या माइकला असतो तसा) इनपुट असेल तर तयार अडॅप्टर घेण्यापेक्षा वायर बनवून घ्या. दोन तारा आणि वर जाळी असलेली माइकची वायर घ्यायची. एक्सएलआरच्या टोकाला जाळी १ नंबरला, एक तार २ ला, दुसरी ३ ला. आरसीएच्या टोकाला २ नंबरची तार मधल्या पिनेवर, आणि ३ नंबरची तार व जाळी दोन्ही बाहेरच्या कड्यावर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कोणीही हे डाग देऊन देईल. पण कागदावर आकृती काढून न्या, नाहीतर ३ नंबर थेट १ ला जोडून मोकळे होतात. तसंही चालतं, पण हम (स्पीकरमधली सततची घुरघुर) कमी करण्याचा फायदा जातो.

हमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण वेगळा अ‍ॅम्प जोडल्यावर येणाऱ्या तक्रारींत ही पहिली. बहुतेक रिसीव्हरच्या वायरला दोनच पिना असतात, अर्थिंग नसतं. तोपर्यंत घरात सगळं शांत असतं. मग तीन पिनांचा पॉवर अ‍ॅम्प येतो, त्याचं अर्थिंग आरसीएच्या कड्यातून रिसीव्हरपर्यंत पोचतं आणि तिथे केबल टीव्हीच्या वायरीतून आलेल्या दुसऱ्याच अर्थिंगला भेटतं. दोन्हींच्या पातळीत जरा फरक असला की त्या वर्तुळातून ५० हर्ट्झचा करंट वाहू लागतो. ठाण्यात एका घरी रिसीव्हर, अ‍ॅम्प, सगळ्या वायरी बदलून झाल्या होत्या. मी सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची गोल चकती बोटाने सैल केली. ती सुटेपर्यंत खोलीभर घोंघावणारा आवाज तिचा कडा सुटताक्षणी गप्प झाला. पुन्हा टेकवली की चालू. सगळ्यांनी आपापल्या हाताने करून बघितलं.

तेव्हा शोधायची रीत अशी. आधी अ‍ॅम्पला आरसीए न लावता फक्त स्पीकर लावून बघा. तरी हम असेल तर दोष अ‍ॅम्पचा. नसेल तर आरसीए लावा आणि रिसीव्हरला बाकी काहीही जोडू नका. मग सबवूफर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटर, प्रोजेक्टर असं एकेक जोडत जा. ज्याच्या पायरीवर हम सुरू होईल तो आरोपी. केबल टीव्ही असेल तर वायरीवर बसणारा आयसोलेटर मिळतो, काम होतं. डिश असेल तर तो चालणार नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच वायरीतून वीज जाते आणि आयसोलेटर ती अडवतो. तिथे रिसीव्हर आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खोल बास खातात, पण ८० हर्ट्झच्या खालचं तुम्ही सबकडे पाठवलं असल्याने पुढच्या जोडीवर ते फारसं जाणवत नाही.

एक उपाय मात्र कोणी सांगितला तरी करायचा नाही: अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन काढणं. हम जाईल, खरं आहे. पण उद्या अ‍ॅम्पच्या आत फेजची तार पत्र्याला लागली तर तो पत्रा जिवंत होईल, आणि आरसीएच्या कड्यातून रिसीव्हर, टीव्हीचा स्टँड, सगळं जिवंत होईल. घरात लहान मुलं असतात. हा विषय माझ्यासाठी तडजोडीचा नाही. उलट इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग एकदा मोजून घ्या. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला मागे काही जोडलेलंच नसतं असं अनेकदा निघतं.

वीज जोडणीचंही तिथेच बघा. रिसीव्हर, अ‍ॅम्प, सबवूफर सगळं एकाच पॉइंटवरून घ्या, हमचा धोका तिथेच कमी होतो. मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू करताना क्षणभर जबरदस्त करंट ओढतो आणि ६ अँपिअरचा एमसीबी पडू शकतो. हॉलमध्ये एसीसाठीचा १६ अँपिअरचा पॉइंट रिकामा असेल तर तो वापरा. आणि वीज गेल्यावर अ‍ॅम्प चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

चालू-बंद करण्यासाठी रिसीव्हरच्या मागे १२ व्होल्टचा ट्रिगर आहे. अ‍ॅम्पला ट्रिगर इनपुट असेल तर साडेतीन मिलिमीटरची मोनो वायर लावा, मग रिसीव्हरबरोबर अ‍ॅम्पही उठेल आणि झोपेल. ट्रिगर नसेल तर क्रम पाळा: चालू करताना रिसीव्हर आधी, अ‍ॅम्प शेवटी, बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलट केलंत तर रिसीव्हर चालू होतानाचा ठोका पूर्ण ताकदीने स्पीकरवर बसतो. सिग्नल ओळखून आपोआप चालू होणारी सोय मला फारशी भरवशाची वाटत नाही. रात्री हळू आवाजात सिनेमा बघताना अ‍ॅम्प मध्येच झोपतो.

वायरी: आरसीए एक-दोन मीटरची, साधी पण नीट जाळी असलेली. अ‍ॅम्प रिसीव्हरशेजारी ठेवून स्पीकरची वायर लांब नेणं चांगलं. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली तरी जाऊन-येऊन रोध ०.१४ ओहमच्या आसपास होतो, ४ ओहमसाठी तो ठीक आहे. महागड्या वायरींवर खर्च करायचे पैसे सबवूफरमध्ये घाला.

अ‍ॅम्प बसला की पूर्ण कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, जुन्या आकड्यांवर चालवायचं नाही. त्यात पुढच्या स्पीकरची फेज उलटी असल्याची सूचना आली तर आधी लाल-काळ्या तारा तपासा. तारा बरोबर असतील तर काही अ‍ॅम्प सिग्नल उलटवतात, हेही कारण असू शकतं. मग दोन्ही स्पीकरच्या तारा उलट्या करून पुन्हा मोजा.

प्रोसेसरला मी नको म्हटलं त्याचं कारण सांगून टाकतो. रिसीव्हर प्रचंड संख्येने बनतात, प्रोसेसर मोजके. त्यामुळे आतले अ‍ॅम्प काढून टाकलेल्या प्रोसेसरची किंमत उलट जास्त असते. बॅलन्स्ड आउटपुट आणि जास्त व्होल्ट मिळतात हे खरं, पण वरच्या हिशेबाप्रमाणे तुम्हाला एक-दीड व्होल्ट पुरतो आणि वायर एक मीटरची आहे. शिवाय तुमचे आतले नऊ अ‍ॅम्प चांगले चालू असताना ते फेकून बाहेरून अकरा चॅनल विकत घ्यायचे, यात मला काही हशील दिसत नाही. ज्यांच्या रिसीव्हरला पूर्ण प्री-आउट नाहीत, फक्त सबचा आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. ते स्पीकरच्या तारांवरून गाडीतल्यासारखा कन्व्हर्टर लावून अ‍ॅम्प जोडायला बघतात. त्यात आधीच मोठा केलेला, क्लिप होऊ शकणारा सिग्नल बारीक करून पुन्हा मोठा करायचा असतो. तो रिसीव्हर विकून प्री-आउटवाला घेणं शहाणपणाचं.

राहिला तुमचा जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प. त्याच्या मागे 'मेन इन' किंवा पुढे 'एचटी बायपास' असं काही लिहिलेलं आहे का बघा. असेल तर तो थेट पॉवर अ‍ॅम्पसारखा चालतो, त्याचा व्हॉल्यूम मध्ये येत नाही. नसेल तर ऑक्स इनपुटला प्री-आउट लावावा लागेल आणि त्याचा व्हॉल्यूम एका जागी कायम ठेवावा लागेल. ऑक्सपासून स्पीकरपर्यंतचा गेन अशा अ‍ॅम्पमध्ये ४० डेसिबलच्या घरात असतो, तुम्हाला २९ हवा आहे, म्हणजे व्हॉल्यूम पूर्णपासून अकराएक डेसिबल खाली. नॉबवर डेसिबल लिहिलेले नसतील तर रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा, फोनवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपने सेंटरची पातळी बघा आणि पुढचे स्पीकर तेवढेच वाजेपर्यंत नॉब फिरवा. त्या जागी खडूची खूण करा, बास-ट्रेबल मधोमध, लाउडनेस बंद. त्याचा रिमोट कपाटात ठेवून द्या, कारण कोणी चुकून व्हॉल्यूम वाढवला तर पुढचा स्फोट फक्त पडद्यावर होणार नाही. आणि रिसीव्हरचा प्री-आउटच वापरा. काही जुन्या रिसीव्हरना 'रेक आउट' असतो, त्यावर व्हॉल्यूमचा ताबा नसतो. तो जोडला तर सुरुवातच पूर्ण आवाजात होते.

त्या अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर ४ ओहम चालतो असं लिहिलं असेल, तर नवा घेण्याआधी तोच पुढच्या जोडीला लावून, आतले दोन अ‍ॅम्प मेनूतून तोडून, कॅलिब्रेशन करून आठवडाभर सिनेमे बघा. टोचणं थांबलं तर आणखी काही घ्यायची गरज नाही, मागचे दोन सराउंड आतल्या मोकळ्या झालेल्या चॅनलवर येतील. जोरात अजूनही आवाज फाटत असेल तर ४ ओहमला २०० वॉट किंवा अधिक आणि २६ ते ३१ डेसिबल गेन असलेला दोन चॅनलचा अ‍ॅम्प घ्या, आणि जुना अ‍ॅम्प मागच्या खोलीत झोन २ (रिसीव्हरची दुसऱ्या खोलीत आवाज द्यायची सोय) साठी लावा.